विग घालून आणि विग काढून

गंभीर गुन्ह्यांचे खटले लढवणारी लंडनची बॅरिस्टर अचानक डॉक्टरांवरच्या तक्रारींच्या चौकशांकडे 'वळली', असं लेखात म्हटलंय. वळली कुठे? तिकडे ही दोन्ही कामं बरेचदा एकाच माणसाकडे असतात. माझी भाची हेच करते. सोमवारी क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या न्यायालयात, घोड्याच्या केसांचा विग आणि गाऊन, गुरुवारी मँचेस्टरला डॉक्टरांच्या ट्रायब्युनलसमोर, म्हणजे चौकशी मंडळासमोर, साधा काळा सूट. उलटतपासणीचं कसब तेच. फरक पुराव्याच्या मापात: ज्युरीची खात्रीच पटावी लागते, ट्रायब्युनलला 'घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं पुरतं. म्हणून तिला तिथला बचाव जास्त अवघड वाटतो. समोरच्या डॉक्टरची आख्खी प्रॅक्टिस पणाला लागलेली असते हो!

पैशांबद्दल मात्र लेख गप्प. लीगल एडची, म्हणजे गरजू आरोपींसाठी सरकार भरतं ती, फी इतकी तुटपुंजी, की २०२२ मध्ये फौजदारी बॅरिस्टर चक्क संपावर गेले आणि १५ टक्के वाढ बहुतेक चालू खटल्यांनाही देण्याचा प्रस्ताव आल्यावरच परतले. बाबासाहेब १९२२ साली लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले, त्यामुळे आपल्याकडे या शब्दाला अजून वलय आहे. भाचीच्या चाकाच्या बॅगेत मात्र कागदांचे गठ्ठे, डबा आणि पहाटेच्या गाडीचं तिकीट.