खुर्ची हलते म्हणून भंगारात? थांबा जरा

तो मेसेज गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा आला, तुमच्याकडेही आलाच असेल. "जुनी लाकडी खुर्ची हलायला लागली म्हणजे लाकूड मेलं. सांध्यात दोन इंची खिळे ठोका, फटीत फेविकॉल आणि भुसा भरा, साठ नंबरच्या पेपरने घासून खोबरेल तेल चोळा. भोकं दिसली तर वाळवी आहे, सरळ भंगारात द्या." आमच्या मामांनी तो वाचून आजीच्या वेळची खुर्ची जिन्याखाली टाकली, कबाडीवाला आला की देऊन टाकणार होते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

लाकूड मेलं, हे पहिलंच चूक आहे. खुर्ची हलते ती सांध्यात. आडव्या पट्टीचं टोक, म्हणजे कुसू, पायाच्या खाचेत बसवून चिकटवलेलं असतं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, लांबीत त्याचा फरक जवळपास पडत नाही पण जाडी-रुंदीत पडतो. आता आपल्या नागपूरचं बघा, मे महिन्यात पारा 45 च्या वर, हवा कोरडी ठणठणीत, त्यात दिवसभर कूलरची ओली हवा त्याच खोलीत, आणि मग पावसाळा. ते कुसू दरवर्षी आकसतं, फुगतं, परत आकसतं, तर मधला गोंद किती वर्षं तग धरणार? फेविकॉल आलं 1959 मध्ये, त्याआधीच्या खुर्च्या सरसाने चिकटवलेल्या, जनावराच्या कातडी-हाडांचा सरस, तो जुना झाला की ठिसूळ होतो. सुटला तो गोंद, लाकूड नाही. त्यात सागवान असेल तर बोलायलाच नको, 2023 मध्ये बल्लारशाहून अयोध्येच्या मंदिरासाठी गेलं ते हेच आपल्या भागातलं लाकूड. खात्री करायची तर पायाच्या बुडाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. आत घुसलं तर तेवढं लाकूड कुजलंय, नाही घुसलं तर खुर्ची जिवंत आहे.

खिळ्यांचा मुद्दा माझ्या जिव्हारी लागतो, कारण आमच्या महाल भागातल्या घरी आजोबांच्या खुर्चीला कोणीतरी असेच चार खिळे ठोकून दिले होते. दोन महिने बरी राहिली, मग परत डुगडुगायला लागली, कारण खिळा सांधा घट्ट करतच नाही, हलणाऱ्या लाकडात तो स्वतःचंच भोक मोठं करत बसतो. मी उघडली तेव्हा एक कुसू मधोमध चिरलेलं होतं आणि खिळ्याभोवती गंजाचा काळा डाग आत लाकडात उतरलेला. एक खिळा काढायला मला अख्खी दुपार गेली, पक्कडीखाली पुठ्ठा ठेवून, केसभर केसभर ओढत. बाप्पा, त्यापेक्षा आधीच सांधा उघडला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

आणि सांधा उघडायचाच असतो, हेच त्या मेसेजमध्ये कुठे नाही. आधी प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर टाका, मग रबरी हातोडीने हळूहळू ठोकत सोडवा. अडलं तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं सांध्यावर गुंडाळा, सरस गरम ओलाव्याने मऊ होतो (वास मात्र येतो, खिडकी उघडी ठेवा). मग कुसू आणि खाच दोन्हीतला जुना गोंद खरवडून काढा, अगदी कोरं लाकूड दिसेपर्यंत. फेविकॉल लाकडाच्या छिद्रांत शिरून धरतं, जुन्या गोंदाच्या थरावर ओतलं तर धरणार कशाला? वरून फटीत ओतलेलं तर आतपर्यंत पोचतही नाही. भुशाचं म्हणाल तर भुसा-फेविकॉलचा लगदा खरचटा बुजवायला ठीक, वजन पेलायला त्यात काही जोर नसतो. कुसू ढिलं असेल तर त्याला सागवानाचीच पातळ चिपटी चिकटवून, वाळल्यावर घासून, खाचेत नेमकं बसेल असं करा. सागवानात तेल असतं म्हणून चिकटवायच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसायचं. मग जोडा, सपाट फरशीवर चारही पाय टेकतात का बघा, आणि शिकंजा (आवळून धरणारा क्लॅम्प) लावून 24 तास हात लावू नका. शिकंजा नसेल तर पायांभोवती सुती दोरी बांधून मधे काडी घालून पीळ द्या, मस्त आवळते.

साठ नंबरच्या पेपरची, म्हणजे भरड पॉलिश पेपरची, घाई तर करूच नका. आधी खालच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, स्पिरिटमध्ये भिजलेला कापूस घासा. चिकट झालं तर ते चपडा पॉलिश आहे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ते परत स्पिरिटनेच विरघळतं, त्यामुळे नवा हात जुन्यात मिसळून जातो, सगळं खरवडायची गरजच पडत नाही. (स्पिरिट गॅसजवळ नको.) खुर्चीवर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडं घासूच नका, घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) वर नको हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात किती असेल काय माहीत, पाणी मारून घासा आणि पोरांना लांब ठेवा.

खोबरेल तेल वाळतच नाही, चिकट राहतं आणि धूळ धरतं. लावायचंच तर जवसाचं, ते हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं, पण पातळ हात. ते पुसलेलं फडकं मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं आणि आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच नको, बाहेर पसरून वाळवा.

राहिली भोकं. वाळवी मातीच्या नळ्या करते, बारीक गोल भोकं आणि मैद्यासारखी भुकटी हे घुणाचं काम. ती भोकं वीस वर्षं जुनीही असतील. खाली काळा कागद ठेवा, दोन-तीन आठवडे बघा, नवी भुकटी पडली तरच औषध.

पायाचं लाकूडच आडवं मोडलं असेल तर ते घरचं काम नाही, लकडगंजात चांगला सुतार शोधा. मामांची खुर्ची तशी नाही, नुसते सांधे सुटलेत. ती रविवारी माझ्याकडे येतेय, माझ्याकडे शिकंजे दोनच आहेत, नंदनवन-महालाकडे कोणाकडे मोठे असतील तर दोन दिवसांसाठी द्याल का?