घाम गाळल्याने चरबी जात नाही, पाणी जातं

‘घाम म्हणजे वितळलेली चरबी. महिन्याभरात पोट सपाट करणारे सहा नियम.’ हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. प्लॅस्टिकचं किंवा रबराचं जॅकेट घालून व्यायाम करा. व्यायामाच्या तासभर आधीपासून संपेपर्यंत पाण्याचा थेंबही नको. पोट कमी करायचं तर पोटाचेच व्यायाम. संध्याकाळी सहानंतर खाल्लेलं सगळं चरबी होतं. दहा हजार पावलांच्या खाली चालणं वाया. आणि दुखलं तरी थांबू नका. खाली सही कुणाची नाही, फक्त ‘दहा जणांना पाठवा’.

असले मेसेज मी एरवी न वाचता पुढे सरकवते. पण हा माझ्या थोरल्या भावाने वाचला, पटवून घेतला आणि जॅकेट मागवलंसुद्धा. दादाची पन्नाशी उलटलीय, बीपीची गोळी चालू आहे. पहिल्या दिवशी वजनकाटा किलोभर खाली आला म्हणून स्वारी खूश! त्यामुळे आता सविस्तर लिहिणं भाग आहे.

काटा खाली येतो, हे खरं. एक लिटर घाम गेला की एक किलो वजन कमी दिसणारच. ओलं कापड पिळलं की हलकं होतं, आखूड होत नाही, तसंच हे. दोन-तीन पेले पाणी प्यायलात की तो किलो परत. चरबी जळते तेव्हा तिचा बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर साधारण 8.4 किलो श्वासातून जाते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. त्या पाण्यातलं थोडं घामातून जात असेल, एवढाच काय तो या मेसेजमधला सत्यांश. तो पदरात घाला आणि पुढे चला.

घाम येतो तो शरीर थंड ठेवायला. त्वचेवरचा घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास 580 किलोकॅलरी उष्णता. मुद्दा ‘वाळला तर’ हा आहे. प्लॅस्टिकच्या आत हवा दमट होते, घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. शरीर तापत राहतं, म्हणून आणखी घाम सोडतं. रक्तातलं पाणी घटतं, हृदयाला जोरात धडधडावं लागतं. आणि नेमकं याच वेळी मेसेज सांगतो की पाणी पिऊ नका! हे दोन नियम एकत्र लिहिणाऱ्याला काय म्हणावं?

याचा शेवट कुठे होऊ शकतो ते आधीच घडून गेलंय. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर जेमतेम महिनाभराच्या अंतरात दगावले. वयं 19, 21 आणि 22. वजनगटात बसण्यासाठी तिघांनीही खाणंपिणं तोडलं होतं आणि वाफ बाहेर जाऊ न देणारे सूट घालून गरम जागी व्यायाम चालवला होता. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने फेब्रुवारी 1998 मध्ये या मृत्यूंचा अहवाल छापला. त्याआधीच, जानेवारीत, तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने असे सूट आणि तापवलेल्या खोल्या यांवर बंदी घातली होती. ज्यावर कुस्तीच्या आखाड्यात बंदी आली, तेच आता घरोघर ‘नियम क्रमांक एक’ म्हणून फिरतंय.

दादाचं म्हणणं, ‘ते टोकाचं होतं गं, मी तर अर्धा तास करतो.’ मान्य, प्रमाण वेगळं आहे. पण शरीरात घडतं ते तेच. शिवाय ती कसून सराव करणारी तरुण पोरं होती, आणि याच्या बीपीच्या गोळीत लघवीवाटे पाणी काढणारं औषध आहे. म्हणजे पाणी दोन्हीकडून जाणार. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर ती चरबी जळल्याची खूण नव्हे.

पाणी अतीही होऊ शकतं, हे नाइलाजाने सांगते. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं, आणि त्याचा सर्वांत जवळचा संबंध धावताना जास्त पाणी पिऊन वजन वाढण्याशी होता. पण अर्धा तास चालणाऱ्याला ही भीती घालण्यात अर्थ नाही. तहान लागली की प्यायचं, उकाडा असेल तर थोडं आधीपासून.

बाकीचे नियम भराभर. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यांच्यावरची चरबी तेवढीच निवडून जात नाही. सहानंतरचं खाणं: दिवसभरात एकूण किती खाल्लं ते महत्त्वाचं. रात्री उशिरा चरत बसायची सवय मोडली तर फायदा होतो, तेवढं खरं. पण इन्सुलिन घेणाऱ्याने ऐकीव नियमावर रात्रीचं जेवण बंद केलं तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. दहा हजार पावलांचा आकडा 1960 च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून पसरला. सरासरी 72 वर्षांच्या स्त्रियांच्या 2019 च्या एका अभ्यासात रोज 4,400 पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण 2,700 वाल्यांपेक्षा कमी होतं आणि 7,500 च्या पुढे फारसा फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना तर पावलं मोजतच नाही: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. या दुसऱ्या भागाबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

राहिलं ‘दुखलं तरी थांबू नका’. नव्या व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू आंबतात, ते चालतं. पण सांध्यात कळ आली, चक्कर आली, तर तिथेच थांबायचं. अतिश्रमानंतर लघवी गडद तपकिरी झाली तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर भार आलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि छातीत दडपण किंवा हाताकडे, जबड्याकडे जाणारी वेदना असेल तर बसून घ्यायचं, अँब्युलन्स बोलवायची. स्वतः गाडी चालवत जायचं नाही.