‘कादंबरीत तिथी कोण बघतो?’

शिवकाळावर किंवा पेशवाईवर नवी कादंबरी आली आणि कोणी त्यातली चूक दाखवली, की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ऐतिहासिक कादंबरी ही कल्पना असते, तिथे तिथी-तारखा तपासू नयेत, खरं-खोटं ठरवायला कागद तरी कुठे उरलेत, अचूकपणाच्या नादात गोष्ट रटाळ होते, आणि वाचकाला इतिहास नको, रंजन हवं असतं. यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. तोच जास्त फसवतो, म्हणून आधी तो घेऊ.

कल्पनेला जागा आहेच. राजगडावर जिजाबाई आणि महाराज एकांतात काय बोलले, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. ते लेखकाने रचावं, जीव ओतून रचावं. तिथी मात्र रचायची वस्तू नव्हे, कारण तिथीला चंद्र बांधलेला असतो. तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो 4 फेब्रुवारी 1670 रोजी, माघ वद्य नवमीला. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावरच उगवतो. म्हणजे रात्रीच्या पहिल्या दोन प्रहरांत कडा चढणाऱ्या मावळ्यांच्या पाठीवर चांदणं पसरलं, तर ते वाक्य खोटं. उलट पन्हाळ्याहून महाराज निसटले ती 12 जुलै 1660 ची रात्र आषाढी पौर्णिमेची. तिथे ‘अमावास्येचा काळोख’ चालत नाही. अंधार हवाच असेल, तर तो आषाढातल्या ढगांचा दाखवायला हवा. आता हाच प्रसंग बघा: ढग जरा विरळ झाले की सगळी वाट उजेडात येणार, हे पालखी उचललेल्या माणसांना माहीत आहे. खऱ्या तिथीने लेखकाच्या हातात आयता ताण दिला.

पानिपतची चूक याहून पसरलेली आहे. लढाई 14 जानेवारी 1761 ची. आज 14 जानेवारी म्हटलं की संक्रांत आठवते, म्हणून कित्येक कादंबरीकार त्या सकाळी छावणीत तिळगूळ वाटतात आणि ‘संक्रांत कोसळली’ असं प्रकरणाला नाव देतात. पण संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने केलेल्या, गणिताने येते आणि इंग्रजी तारखेच्या मानाने साधारण 70 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख होती 12 जानेवारी 1863. त्याच्या शंभर वर्षं आधी संक्रांत आणखी आधीच्या तारखेला येणार, हे उघड आहे. लढाईच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, वार बुधवार. सण होऊन काही दिवस लोटले होते आणि छावणीत अन्नाचे हाल चालले होते. उपाशी सैन्यात सण कसा गेला असेल, हा प्रसंग तिळगुळाच्या वाटपापेक्षा कितीतरी भेदक झाला असता.

‘कागद उरले नाहीत’ हा दुसरा मुद्दा तर वस्तुस्थितीलाच सोडून आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये काढला, तोच मुळी 1750 ते 1761 च्या पत्रांचा. पुढे असे 22 खंड निघाले. रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातल्या, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदसंग्रहातल्या, निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले. जेधे शकावली, म्हणजे शिवकाळातल्या घटनांची तिथीवार नोंद, आहे, इंग्रज वखारींची पत्रं आहेत, गोव्याचे पोर्तुगीज कागद आहेत. अडचण आहे ती कालगणनेची. सतराव्या शतकातले इंग्रज जुनी ज्युलियन तारीख घालत, पोर्तुगीज नवी ग्रेगोरियन, आणि दोन्हींत 10 दिवसांचं अंतर. सुरतेचं इंग्रजांचं पत्र आणि गोव्याचं पोर्तुगीज पत्र तारखा न जुळवता एकाच प्रकरणात घातली, तर घटना घडण्याआधीच तिची बातमी पोचते! शिवाय त्या इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रांवर मागच्या वर्षाचा आकडा असू शकतो. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी एक तक्ता करावा: शक, मास, तिथी, वार, ज्युलियन तारीख, ग्रेगोरियन तारीख. तिथी आणि वार जमत नसतील, तर कुठेतरी चूक आहे असं समजून मूळ कागदाकडे परत जावं.

अचूकपणाने गोष्ट रटाळ होते का? रटाळ होते ती जमवलेली सगळी माहिती पानावर ओतल्याने. वाचून काढलेल्या गोष्टींतल्या बहुतेक वहीतच राहायला हव्यात. जुनी भाषाही पदोपदी नको, पण शिवकालीन पात्राने ‘पाच मिनिटं थांब’ म्हणू नये. घटका आहे, 24 मिनिटांची, पळ आहे. आग्रह उलट्या बाजूनेही चुकतो. मिरची परदेशी म्हणून ती शिवकाळातून हाकलणारे आहेत. ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकातच इकडे आली होती. साबुदाण्याची खिचडी मात्र उपासाच्या पानात वाढू नये, ते फार नंतरचं प्रकरण आहे.

राहिला वाचक. कोणाला लढाया आवडतात, कोणाला वाड्यातली नाती, कोणाला कारस्थानं, आणि प्रत्येकाची नजर वेगळ्या जागी पडते. कारस्थानाच्या कथेत जासूद 40 कोस एका रात्रीत पायी गेला, तर सगळा उलगडाच कोसळतो. कौटुंबिक कथेचा वाचक अंतर माफ करेल, पण नात्यांतली आणि वयांतली चूक नाही. नुसतं रंजन हवं असतं, तर काल्पनिक राजा पुरला असता. वाचक खरं नाव बघून पुस्तक उचलतो, पुढे त्यातला प्रसंग भाषणात सांगतो, आणि दोन पिढ्यांत तो इतिहास म्हणून रुजतो. कोंढाण्याचंच बघा. सिंहगड हे नाव 1670 च्या आधीच्या पत्रांत सापडतं, तरी ते तानाजींमुळे पडलं हेच आपल्या मनात घट्ट बसलंय.

मोकळीक हवी असलेल्यांसाठी वाट जुनीच आहे. रा. भि. गुंजीकरांनी 1871 मध्ये ‘मोचनगड’ लिहिली तेव्हा काळ शिवाजी महाराजांचा घेतला आणि गड मनाने उभारला. खरी माणसं घेऊनही काही बदलायचं असेल, तर मनोगतात सांगावं: कोणतं पात्र काल्पनिक, कोणती भेट पुढे-मागे केली, कोणता प्रसंग बखरीतला आणि ती बखर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलेली. दीड पानात मावतं हे.