ग्लू गनने चिकटवलं म्हणजे फ्रॉक शिवला?

बास झालं आता! बाहुलीचे कपडे 'पाच मिनिटांत, सुईदोऱ्याशिवाय' करून दाखवणारे ते व्हिडिओ बघून डोकं उठलंय. मोजा कापला, बार्बीच्या अंगावर चढवला, मागून ग्लू गनने चिकटवला. झाला म्हणे ड्रेस! आणि काढायचा कसा? कात्रीने? अहो, मुलीला बाहुलीचे कपडे दिवसभर घालायचे असतात, काढायचे असतात. तोच तर खेळ आहे!

बाही तर विचारूच नका. बार्बीची उंची साडेअकरा इंच, मनगट पेन्सिलीएवढं, बोटं ताठ. अरुंद बाहीत तो हात जाणार कसा? मग मूल ओढतं, उसवतं, रडतं. पाठ कमरेखालपर्यंत उघडी ठेवा, एक टिचबटण लावा, हे सांगायला किती वेळ लागतो? आणि ते वेल्क्रो! बाहुलीचे केस त्यात अडकून पार गुंता होतो, तरी सगळे तेच लावतात.

त्यात '२०१६पासून बार्बी कर्व्ही (भरलेल्या अंगाची), टॉल (उंच), पेटीट (ठेंगणी) अशीही मिळते' हे कुणी सांगेल तर शपथ. एकच कागदी कटिंग सगळ्यांना कसं बसेल?

कापडही जाडजूड, डेनिमच! घरात आजीची मऊ सुती साडी आहे, ब्लाउजपीसचे तुकडे आहेत, ते का नाही वापरत? पाव इंच माया (शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड) सोडा, आधी बाही जोडा, मग बाहीच्या टोकापासून बगलेतून खाली एका दमात धावदोरा घाला. सात-आठ वर्षांची पोर हे स्वतः शिवू शकते. तिच्या हातात सुई द्या की!