‘प्युपिल प्रीमियम’ नेमका कोणाचा? एका आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपला आक्षेप असा की, इंग्लंडमधल्या शाळांना गरीब घरच्या मुलांमागे मिळणारा ‘प्युपिल प्रीमियम’ हा जादा सरकारी निधी त्या मुलांपर्यंत पोहोचतच नाही, शाळा तो शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च करतात, आणि मी लेखात त्याचे समर्थन केले. आपली तळमळ मला पटते, निष्कर्ष मात्र पटत नाही.

२०११ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत गेल्या सहा वर्षांत कधीही, घरच्या कमी उत्पन्नामुळे, शाळेतल्या मोफत जेवणासाठी नोंद झालेल्या प्रत्येक मुलामागे शाळेला रक्कम मिळते. २०२४-२५ साठी ती प्राथमिकला १,४८० आणि माध्यमिकला १,०५० पौंड होती. रक्कम मुलांच्या संख्येवर ठरते, परंतु ती त्या मुलाच्या नावाचे वेगळे खाते नव्हे. नोंद नसलेल्या पण गरजू मुलांसाठीही ती वापरायला शाळेला मुभा आहे.

प्रत्येक मुलाशेजारी एक टीचिंग असिस्टंट (वर्गात शिक्षकाला मदत करणारा सहायक) बसवावा, म्हणजे पैसा कुठे गेला ते दिसेल, असे आपण सुचवता. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने २००९ मध्ये पूर्ण केलेल्या मोठ्या अभ्यासात मात्र असे आढळले की, ज्या मुलांना असिस्टंटची मदत जास्त मिळाली त्यांची प्रगती, त्यांच्यासारख्याच इतर मुलांच्या तुलनेत, कमी झाली. दोष असिस्टंटचा नव्हता. त्यांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते आणि शिक्षकांशी बोलायला वेळही मिळत नव्हता. शाळेचा गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या नियामक मंडळाचा सदस्य, म्हणून वर्गात बसताना मी हे पाहिले आहे: मागच्या टेबलावरचा मुलगा एका शब्दावर अडतो, तो अक्षरे जुळवू लागण्याआधीच शेजारची बाई तो शब्द सांगून मोकळी होते, वही भरते आणि वाचन तिथेच राहते. त्याच बाईंना वाचन शिकवण्याचे नीट प्रशिक्षण दिले आणि आठवड्यातून काही ठरलेल्या तासिका त्यांच्याकडे सोपवल्या, तर तेच मूल पुढे सरकते. म्हणूनच प्रशिक्षणावरचा खर्च मला त्या मुलावरचाच खर्च वाटतो.

आपला राग रास्त ठरतो तो वेगळ्या ठिकाणी. प्राथमिकचा दर २०१५-१६ पासून २०१९-२० पर्यंत १,३२० पौंडांवरच अडकून राहिला, महागाई मात्र थांबली नाही. आणि हा निधी आम्ही अंदाजपत्रकातली तूट भरून काढायला वापरतो, अशी कबुली सटन ट्रस्ट या शिक्षणक्षेत्रातल्या धर्मादाय संस्थेच्या सर्वेक्षणांत अनेक मुख्याध्यापकांनी दिली आहे. हे खरोखर गंभीर आहे आणि त्याचा जाब शाळेइतकाच सरकारलाही विचारला पाहिजे.

तो विचारायला साधन आहे. प्रत्येक शाळेला ३१ डिसेंबरपर्यंत या निधीचे निवेदन आपल्या संकेतस्थळावर द्यावे लागते. त्यात खर्चाच्या आकड्यांआधी हे पाहावे की, आपल्या मुलांची नेमकी अडचण काय, हे शाळेने शोधले आहे का. ‘वाचन मागे आहे’ एवढेच लिहिले असेल, तर कोणत्या इयत्तेत, कशामुळे, आणि गेल्या वर्षीच्या उपायाचे काय झाले, हे गव्हर्नरांना लेखी विचारावे.

आणखी एक विनंती. सप्टेंबर २०१४ पासून रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते दुसरीपर्यंत सर्वच मुलांना जेवण मोफत आहे, त्यामुळे पात्र असलेले पालकही ‘आता अर्ज कशाला’ म्हणून नोंदणी करत नाहीत आणि शाळेचा निधी बुडतो. आपल्या ओळखीतल्या मराठी कुटुंबांपैकी कोणाचे उत्पन्न कमी असेल, तर त्यांना तो अर्ज भरायला जरूर सांगा.