पुरावा आपल्याच दफनभूमीत आहे

सूसाई मद्रासच्या रस्त्याकडेला बसून चपला शिवायचे. अनुसूचित जातींतल्या अशा कारागिरांना सरकारने फुकट टपऱ्या दिल्या. सूसाईंना मिळाली नाही, कारण जन्माने आदि-द्रविड (तिकडची एक दलित जात) असले तरी ते ख्रिस्ती होते. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि 1985 मध्ये हरले. ख्रिस्ती झाल्यावरही जातीचा जाच तितकाच राहतो याचा पुरेसा पुरावा समोर आलेला नाही, असं कोर्टाने म्हटलं.

पुरावा हवा होता तर तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत होता. तिथे दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवायला भिंत घातली गेली. एकाच वेदीवरून प्रभुभोजन घेतलेली माणसं, आणि मेल्यावर मध्ये भिंत! मला याचा मनस्वी संताप येतो.

10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या बाहेर ठेवलं. 1956 मध्ये शीख आत आले, 1990 मध्ये बौद्ध आले, आणि ते योग्यच झालं. बौद्ध धम्म जात मानत नाही, पण गाव मानतं, हे संसदेला पटलं. मग नगर-जालन्याकडे महार-मांग वस्त्यांमधून चर्चमध्ये आलेल्या आमच्या घरांशी गाव निराळं वागतं का? वस्ती तीच, आडनाव तेच, सोयरेही बहुतेक तेच. फक्त मार खाल्ला तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा पाठीशी नाही, आणि राखीव जागेवर उभं राहायचा हक्क नाही. धर्माची ही अट काढा, असं रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्येच सांगितलं होतं. 2022 मध्ये याच प्रश्नावर पुन्हा नवा आयोग नेमला.

अट गेलीच पाहिजे. मात्र सरकारकडे न्याय मागणाऱ्या चर्चने आपल्या अंगणातही तो करायला हवा. श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्या मंडळीला याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्रात चांगलंच झापलंय. ते वचन आपण उपासनेत वाचतो आणि घरी येऊन स्थळ बघताना ‘मूळचे कोण?’ विचारतो. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण काढताना चर्चमधला जातिभेद उघडपणे मान्य केला. त्याचं मला मोल वाटतं. 2022 मध्ये अँथनी पूला पहिले दलित कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी) झाले, तेव्हा आनंदही झाला. पण एका माणसाच्या डोक्यावर लाल टोपी आली म्हणून वस्तीतल्या पोराला मिशनच्या शाळेत प्रवेश मिळत नाही.

प्रत्येक धर्मप्रांताने, म्हणजे बिशपच्या विभागाने, जाहीर करावं: दलित घरांतले किती धर्मगुरू, शाळांच्या समित्यांवर किती, कॉलेजात किती जागा दिल्या. हे आकडे हातात घेऊनच 10 ऑगस्टच्या मोर्चाला जाऊ या. आपल्या पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, हा विषय कोणी काढलाय का? काय उत्तर मिळालं, ते इथे लिहा.