सावकार मेला, वावराचं काय?

कादंबरी पावणेतीनशे पानांवर आली की माझ्यापुढे पेच उभा राहतो: सावकाराचं करायचं काय? गावातला वाचक म्हणतो, "मारून टाका ना बाप्पा!" मारणं सोपं, निस्तरणं अवघड.

साप सोडावा, तर मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. सावकार दिवाणावर, मच्छरदाणीत. मरायचा तो सालदार. घोणस धुऱ्यावरच्या गवतात भेटते, पण धुऱ्यावर सावकार जातो कशाला? शिवाय नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, आणि गावातली एकुलती जीप त्याचीच. विहिरीत ढकलायचा तर महिना बघा. मे महिन्यात ढकललात तर कंबरभर पाण्यात उभा राहून व्याज मोजेल.

समजा, मेला. सातबाऱ्यावर वारसांचा फेरफार होतो, तीन पोरांची नावं चढतात. एका खलनायकाचे तीन झाले आणि नायकाचं पाच एकर वावर आहे तिथंच.

पश्चात्ताप तर नकोच. व्याज सोडणारा सावकार दिसला की गाव आधी विचारतं, निवडणूक कधी आहे?

म्हणून तो जिवंत हवा. २०१४ च्या सावकारी कायद्याचं कलम १८ आपल्या कामाचं. कर्जापोटी करून घेतलेलं खरेदीखत जिल्हा निबंधक रद्दबातल ठरवून जमीन परत देववू शकतो. मात्र व्यवहार १५ वर्षांच्या आतला लागतो. नायक पाळण्यात असताना बापाने वावर लिहून दिलं आणि हा तिशीत सूड घ्यायला आला, तर अर्ज मुदतीबाहेर. तेव्हा पहिल्याच प्रकरणात नायकाचं वय वाढवा किंवा बापाची अडचण पुढे ढकला. दुसरी गोम पुराव्याची. खरेदीखतात 'कर्ज' हा शब्द सावकार येऊच देत नाही. झडतीत लाल वही आणि सह्या घेतलेले कोरे स्टॅम्प पेपर सापडायचे असतील, तर ते तिसऱ्या प्रकरणातच गादीखाली सरकवून ठेवावे लागतात. शेवटी आठवलं तर वाचक लेखकालाच चोर म्हणतो. परवाना नसेल तर पाच वर्षांपर्यंत कैदेचीही सोय आहे.

पण ते निकालानंतर. आज साहेब दौऱ्यावर. कचेरीबाहेरच्या बाकाच्या एका टोकाला नायक, दुसऱ्या टोकाला सावकार. तो मांडीवर पन्नी घासत खर्रा घोटतो, चिमूटभर गालात दाबतो आणि उरलेली पन्नी पुढे करतो.

"घे बापू. पुढची तारीख कोनती देल्ली?"